सरळ सोंड

आमच्या घरात माणसांपेक्षा गणपती जास्त होते, आणि ते सगळे बिनडोळ्यांचे. रामवाडीला, हायवेच्या अलीकडे, बाबांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पडवी पुढे वाढवून, वर पत्रे टाकून केलेली लांबलचक जागा. मागच्या अंगाला आम्ही राहायचो, पुढच्या अंगाला ते. चहाची कपबशी टेकवायची तर आधी एक गणपती सरकवावा लागे, आणि सरकवताना ‘बाप्पा, जरा’ असं म्हणायची पद्धत होती. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, गिऱ्हाईक न्यायला येण्याच्या बेताला व्हायची. त्यामुळे फाल्गुनात घरभर जे पांढरेफटक गणपती बसलेले असत, त्यांना काहीच दिसत नाही अशी माझी लहानपणापासून समजूत होती. ही समजूत पुढे मला फार उपयोगी पडली. त्या वर्षी शिमग्याला जे घडलं ते त्यांच्या सगळ्यांच्या समोर घडलं.

शाडू मळण्याचा धप्प धप्प आवाज, कानशीची खसखस, आणि मधूनच डोलवीकडे जाणारा एखादा अवजड ट्रक. तिकडे कंपनीचं काम जोरात चाललं होतं. ट्रक गेला की आमच्या फळ्या थरथरत, आणि बय म्हणे, “आली गो कंपनी, धरा देवांना.” बय म्हणजे बाबांची आई. तिचे दात गेले होते, पण त्यामुळे बोलणं थांबलं नव्हतं. उलट वाटेतला अडसर दूर झाल्यासारखं ते अधिक मोकळं येई. ती दिवसभर उंबऱ्याशी बसून वाल सोलायची. भिजवून मोड आणलेल्या वालांचा एक उग्र ओला वास असतो, त्यात शाडूचा थंड मातकट वास मिसळला की जे तयार होतं ते माझं माहेर. आता कुठे मोड आलेले वाल दिसले की मला आधी माती आठवते, मग बिरडं.

मी तेव्हा एकविसाव्या वर्षात होते आणि बी.ए.च्या शेवटच्या. आमच्या घरातली मी पहिली पदवी, आणि ती हातात पडण्याआधीच डोक्यात गेलेली. घरात सगळे ‘नाय’ म्हणत, मी ‘नाही’ म्हणत असे, आणि नुसती म्हणत नसे तर दुसऱ्यांचंही सुधारत असे. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ‘आपल्या सणांतील अश्लीलता’ या विषयावर बोलले होते. शिमग्याच्या बोंबा, त्यातले शब्द, होळीचं झाड आणताना पुरुषांचं ते अचकट विचकट ओरडणं, या सगळ्यावर मी अशी काही तुटून पडले की परीक्षकांनी मान खाली घातली. मला वाटलं लाजेने. आता वाटतं, हसू लपवायला. दुसरं बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्यात बय मिशरी ठेवायची.

माझ्या लग्नाचं मात्र जमत नव्हतं. पहिलं स्थळ मुलाच्या काकांचा उच्चार मी चारचौघांत सुधारला म्हणून गेलं. दुसरं गेलं ते माझ्या हातांमुळे. शाडू सुकला की बोटांवर पांढरे चट्टे राहतात, धुऊनही पूर्ण जात नाहीत. त्या लोकांना ते कोड वाटलं. बाबा सांगायला धावले, तोवर त्यांनी एस.टी. पकडली होती. तिसरं स्थळ रोह्याचं. मुलगा तिथल्या कंपनीत शिफ्टला, घरी खाडीकाठची भातशेती, वडील नाहीत, आई आहे. बघायला आला तेव्हा कांदेपोहे बाजूला ठेवून तो थेट फळ्यांपाशी गेला आणि मागच्या वर्षी न खपलेल्या एका जुन्या मूर्तीकडे बोट दाखवून म्हणाला, “हे डोळे तुम्ही काढलेत, व्हय ना?” ते बाबांनी काढलेले होते. मी मान डोलावली. ज्याने माझ्या हातांकडे न बघता हातांच्या कामाकडे बघितलं, तो मला हवा होता. चुकीच्या मूर्तीकडे बघितलं हा तपशील. वैशाखातली तारीख तोंडी ठरली. सुपारी फुटायची होती ती शिमग्यानंतर. तोवर या पोरीने तोंड उघडू नये, एवढीच बाबांची देवाकडे मागणी होती.

आमच्या शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक जपानी इंजिनियर भाड्याने राहत होता. कंपनीची कुठलीशी यंत्रं बसवायला आलेला, साठीच्या घरातला, बारीक, पांढऱ्या केसांचा माणूस. नाव मोरी. आता आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. त्यामुळे त्याला नावाने हाक मारायची तर आई तोंडाला पदर लावायची. शेवटी सगळे ‘साहेब’वर आले. सुट्टीच्या दिवशी तो कारखान्यात येई, स्टुलावर बसे आणि हात बघत राही. तोंडं नाही, हात. आदल्या वर्षीच्या शिमग्याला आमची माणसं होळीचं झाड खांद्यावर नाचवत आणत होती, तेव्हा हा टोपी काढून त्यांच्या मागे मागे शेवटपर्यंत चालत गेला होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धुराने झाले असतील, असं आम्ही ठरवलं.

होळीला आठवडाभर असताना तो दुपारी आला. बाबा रंग आणायला बाजारात, आई पापडांवर, बय पेंगलेली. त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पेन्सिलीने नीट काढलेलं एक चित्र होतं. “क्ले,” तो म्हणाला. “प्लीज. फॉर फेस्टिवल. गॉड.” मग मनगटापासून कोपरापर्यंत हात दाखवून त्याने माप सांगितलं आणि कमरेत वाकला.

आता वाचणाऱ्याने माझी बाजू समजून घ्यावी. जन्मापासून मी गणपतींत वाढले. मातीची, लांबट, खाली रुंद आणि टोकाला गोलसर अशी देवाची वस्तू म्हटल्यावर आमच्या घरातल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे एकच गोष्ट येणार. मला वाटलं, बिचाऱ्याला सोंड हवी आहे. पूर्ण मूर्ती विमानात न्यायची कशी, म्हणून निदान सोंड. चित्रात ती सरळ होती, ना डावीकडे वळलेली ना उजवीकडे. परदेशी माणूस, त्याला वळण काय ठाऊक! पण गिऱ्हाइकाचं चित्र म्हणजे आज्ञा, अशी बाबांची शिकवण, म्हणून मी सरळच केली. शाडू सुकताना कधी तडकेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे एकाची ऑर्डर असली तरी आम्ही जोड करतो. तशा मी दोन केल्या. बोटं ओली करून त्या आरशासारख्या गुळगुळीत घोटल्या. साहेब वळ्या काढायला विसरला होता, त्या मी कोरल्या. नाकपुड्याही विसरला होता. बारीक काडीने दोन भोकं पाडली. सुकल्यावर गुलाबी हात दिला, बुडाशी सोनेरी पट्टा ओढला. टोकावर मोदक ठेवावा का, याचा मी बराच वेळ विचार केला. नाही ठेवला, याबद्दल मी देवाची आजही ऋणी आहे.

होळीच्या आदल्या दिवशी रोह्याची मंडळी येणार होती, ती सांगितल्यापेक्षा लवकर आली. मुलगा, त्याची आई, आणि सणाला आम्हाला द्यायला आणलेली पोह्यांची मोठी पिशवी. माझी होणारी सासू उंच, हाडापेराने मोठी, आणि बोलण्याची कंजूष. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरच्या, बायका उन्हाने आतूनही सुकल्यासारख्या दिसतात, तशी. दारातून आत येताना बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर उन्हासाठी ठेवलेली फळी होती, आणि फळीवर त्या दोन. ती थांबली.

“ह्ये काय गो?” तिने विचारलं.

बाबांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं. पण कामाबद्दल विचारलं तर काय करायचं हे सांगितलं नव्हतं. मी पुढे झाले.

“ही जपानी साहेबांची आहे,” मी म्हणाले. “त्यांनीच हाताने माप दाखवलं.”

मुलगा खोकला.

“सोंड आहे ती,” मी समजावून सांगितलं. “डाव्या सोंडेचे तर घरोघर असतात. उजव्या सोंडेचा जरा कडक. आणि सरळ सोंडेचा तर विचारूच नका, फारच कडक असतो.”

मुलगा म्हणाला, “पान घेऊन येतो,” आणि बाहेर गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. खांदे हलत होते. मला वाटलं, गाडीचा त्रास झाला असेल.

एवढ्यात रंगाचे डबे घेऊन बाबा आले. त्यांनी फळीकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबे खाली ठेवायचे विसरून तसेच उभे राहिले. बय जागी झाली. तिने चष्मा शोधला, लावला, उठून फळीपाशी आली, एक हातात घेऊन उन्हाला धरली. मग तिच्या बोळक्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्याआधी ऐकला नव्हता. हसता हसता ती खाली बसली.

“अगो माझे बाय! सोंड? ही सोंड?” आणि ती एक शब्द बोलली. तो मी इथे लिहीत नाही. शिमग्याच्या बोंबेत तो सगळ्यात आधी येतो, आणि माझ्या भाषणात मी त्याचा ‘तो शब्द’ असा तीनदा उल्लेख केला होता. म्हणजे शब्द मला पाठ होता; फक्त वस्तू ओळखू आली नव्हती. ती त्या क्षणी आली. गुलाबी रंग, सोनेरी पट्टा, सगळं एकदम आलं. मी माती ठोकायची लाकडी मोगरी उचलली.

“तोडू नको,” सासू म्हणाली.

बाबांनी रिकामं पोतं फळीवर टाकायला घेतलं. “विहीणबाय, पोरीला खरंच कळलं नाय हो. शपथ घेतो. आमच्या घरात असलं…”

“ऱ्हाऊं द्या पोतं.”

आणि नेमका तेव्हाच साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. त्याने फळी पाहिली आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा उघडला. नाकपुड्या पाहून किंचित बुचकळ्यात पडला असावा, पण बोलला नाही. त्याने दोनदा टाळी वाजवली, हात जोडले, आणि आमच्या सगळ्यांसमोर, बिनडोळ्यांच्या त्या अख्ख्या गणपतींसमोर, तो त्या वस्तूपुढे कमरेतून वाकला. कुणी हसलं नाही. बयसुद्धा.

 सासू मला म्हणाली, “तू शिकलेली ना? इचार त्याला, ह्याचं काय करतात त्यांच्याकडं.”

लग्न मोडलंच आहे अशी माझी खात्री झाली होती. मोडलेल्या लग्नाच्या सासूसाठी, जमिनीत डोळे गाडून, मी माझं बी.ए.चं इंग्रजी बाहेर काढलं. साहेब तुटक बोलत होता, मी त्याहून तुटक सांगत होते. त्याच्या गावी याच दिवसांत जत्रा असते. दर वर्षी नवं झाड तोडतात, कोरतात.

“काय कोरतात?” बय म्हणाली.

“म्हणजे… एक लाकडी… वस्तू.”

“वस्तू! डब्बा मिळालाय ना हिला, वस्तूच म्हननार.”

ती वस्तू माणसांच्या खांद्यावरून मिरवत एका देवळातून दुसऱ्या देवळात नेतात. ती इतकी मोठी असते की आळीपाळीने खांदे बदलावे लागतात. ज्या पुरुषांना ते वर्ष वाईट असतं ते वाहतात, म्हणजे वाईट जातं. बायका लहान लहान घेऊन पुढे चालतात, पोटाशी धरून, बाळ धरल्यासारख्या. म्हाताऱ्या, सासवा, सुना, सगळ्या. सगळे पितात, सगळे हसतात. त्या दिवशी कुणाला लाज नसते. “दुसऱ्या दिवशी?” सासूने विचारलं. मी विचारलं. साहेब म्हणाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा असते.

“पन कशापायी? देवाला काय करायचं ह्याचं?” सासू म्हणाली.

हे इंग्रजीत कसं विचारायचं ते मला येईना. मी नुसतं “व्हाय?” म्हटलं. त्याने विचार केला. मग सासूच्या पिशवीकडे बोट दाखवलं, जिच्यातून पोहे डोकावत होते. “राइस,” तो म्हणाला. मग आपल्या पोटावर हात फिरवला. “बेबी.” आणि दोन्ही हात एकमेकांवर ठेवून म्हणाला, “सेम. सेम.”

याचं भाषांतर करायची गरज पडली नाही.

मग तो हळूहळू पुढचं बोलला. त्याची मुलगी तिकडे आजारपणात पडून होती, पोटुशी. आधीची दोन राहिली नव्हती. दर वर्षी तो जत्रेत खांदा द्यायचा; या वर्षी जाता येत नव्हतं. पण इथेही लोक झाड तोडतात, खांद्यावर आणतात, ओरडतात, नवी लग्नं झालेली जोडपी भोवती फिरतात. त्याने मागच्या वर्षी पाहिलं होतं. म्हणून एक मातीची करून आमच्या होळीच्या बुडाशी ठेवावी, एवढंच त्याच्या मनात होतं. “हिअर ऑल्सो,” तो म्हणाला, “सेम.” ज्या गोष्टीवर मी तोंडाला फेस येईस्तोवर बोलले होते, ती बघून हा माणूस मागच्या वर्षी रडला होता तर. धुराने नाही.

सासूने फळीवरची दुसरी उचलली. हातात तोलली, जशी काकडी तोलतात. “आमच्या शेताचा बांध फुटलाय,” ती कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली. “खाडीचं पानी भरतीला आत येतंय. मीठच मीठ. चार पावसाळे झाले, दाना नाय. इचार त्याला, खाऱ्या जमिनीला चालतं काय.”

मी विचारलं.  साहेबाने मान हलवली.

“माहीत नाही म्हणतात.”

“खरा मानूस हाय,” सासू म्हणाली आणि ती वस्तू तिने पदरात घेतली, खणानारळाने ओटी भरतात तशी दोन्ही हातांनी. मग पोह्यांची पिशवी आमच्या ताटात रिकामी करून तीत ठेवली आणि वरून तोंड बांधलं.

बाबांचा जीव टांगणीला लागला होता. “मग… वैशाखाचं काय ठरवायचं?”

सासूने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “एकवीस वर्सांची पोर,” ती म्हणाली, “आन् हिला सोंड वाटली. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी गावायचं नाय. सुपारी आजच आना.”

माझ्या चारित्र्याचा दाखला मला असा, माझ्या अज्ञानावरून, जाहीरपणे मिळाला. पदवीचा नंतर मिळाला. त्याचा संसारात तितका उपयोग झाला नाही. मुलगा तोंड धुऊन परत आला. पान त्याने आणलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आळीतली माणसं सावरीचं झाड घेऊन आली. साहेबाला त्यांनी खांदा देऊ दिला. तो बुटका, त्यामुळे झाड त्याच्या खांद्याला टेकत नव्हतं, तरी हात वर करून तो चालत होता. खड्ड्यात झाड उभं राहिलं, तेव्हा त्याने आपली वस्तू बुडाशी ठेवली, आणि आमच्या माणसांनी वर दोन मुठी तांदूळ टाकले, न विचारता. दर वर्षी मी त्या वेळी मागच्या खोलीत कानावर पुस्तक धरून बसायचे. त्या वर्षी बयच्या शेजारी उभी राहिले. आग चढली, बोंब उठली, आणि साहेबाने तोंडावर उलटा हात मारत आमच्यासारखीच बोंब ठोकली. उच्चार एकदम शुद्ध. सुधारण्यासारखं काही नव्हतं.

नवरा म्हणतो, पुढे शेत पिकलं ते सरकारने बांध घातला म्हणून. बरोबरच असेल. साहेबाला नात झाली. परत जाण्याआधी तो फोटो दाखवायला आला होता, सगळ्या कारखान्याला, एकेका गणपतीपुढे धरून. तेही डॉक्टरांमुळेच असणार. मला अर्थ विचारू नका. मी एवढंच पाहिलं आहे की फाल्गुनात खारेपाटातली जमीन फाटून पडलेली असते, तिच्यात काही उगवेल असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक तिच्या उरावर उभे राहून वर्षभर न बोललेलं बोलतात. वक्तृत्व स्पर्धेत हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता.

ती वस्तू सासूने बियाण्याच्या भाताच्या कणगीत ठेवली. दर वर्षी पेरणीच्या वेळी काढायची, पुसायची, नव्या बियाण्यात परत पुरायची. तिच्यानंतर मी. कणगी जाऊन प्लास्टिकचा ड्रम आला, तरी आत तीच. सोनेरी पट्टा उडाला, नाकपुड्या शाबूत.

मागच्या ज्येष्ठात माझी नवी सून ड्रम रिकामा करत होती. कॉम्प्युटर शिकलेली, मोजकं बोलणारी मुलगी. ती या घरात रमेल की नाही याचा मला अजून अंदाज येत नव्हता. तिचा हात आत गेला आणि थांबला. तिने ती बाहेर काढली, भुसा फुंकला, उजेडाला धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. मी दारात उभी होते. तिला कळलं होतं; कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. माझ्यासारखी बावळट ती नव्हती.

मग ती अगदी गंभीर तोंडाने म्हणाली, “आई, ही गणपतीची सोंड दिसते. सरळ आहे. फार कडक असेल, नाही?”

माझ्या नवऱ्याने तिला कधी सांगितलं होतं कोण जाणे. मी ड्रमला धरून खाली बसले, आणि माझ्या तोंडातून बयचा आवाज निघाला.